मणिबेलीसारख्या काठावरच्या गावात कुत्रीचे अनपेक्षित वेत

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे नर्मदाकाठचे गाव सरदार सरोवर धरणाच्या भिंतीपासून वरच्या अंगाला आहे. महाराष्ट्रातील गावांपैकी बुडिताची झळ सर्वांत आधी, १९९३ च्या पावसाळ्यात, याच गावाला बसली, आणि जी कुटुंबे गाव सोडून गेली नाहीत त्यांची घरे डोंगरउतारावर वर सरकत गेली. अशा विखुरलेल्या घरांत कुत्री पाळली जाते ती रात्री शेळ्या-कोंबड्यांची आणि दिवसा मक्या-ज्वारीच्या शेताची राखण करण्यासाठी, त्यामुळे तिला साखळीला बांधून ठेवणे कोणालाच परवडत नाही आणि तिचे प्रत्येक वेत जवळपास अनपेक्षितच असते. शहरातील वाचकांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनात अडचणीच्या प्रत्येक वळणावर पशुवैद्यकाला बोलावण्याचा सल्ला असतो. येथे मात्र पशुवैद्यक आणि कुत्री यांच्यामध्ये पाणी, पायवाट आणि घाटरस्ता असतो, म्हणून आयत्या वेळी करायच्या बऱ्याच गोष्टी आधीच्या दोन महिन्यांत उरकून ठेवाव्या लागतात.

या तयारीतील पहिली आणि सर्वांत उपयुक्त गोष्ट म्हणजे तारीख. कुत्री साधारणपणे सहा-सात महिन्यांनी एकदा माजावर येते. माजाचा काळ दोन ते तीन आठवड्यांचा असतो, त्यातील पहिल्या आठवडा-दीड आठवड्यात योनिमार्ग सुजतो आणि रक्तमिश्रित स्राव दिसतो, पण त्या काळात ती नरांना जवळ येऊ देत नाही. स्राव फिकट झाल्यावर पुढचा सुमारे आठवडाभर ती नर स्वीकारते आणि गर्भधारणा याच दिवसांत होते. या काळात तिचा एकापेक्षा अधिक नरांशी संबंध आल्यास एकाच वेतातील पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, त्यामुळे पिल्ले किती मोठी होतील याचा अंदाज एखाद्याच नरावरून बांधणे धोक्याचे ठरते. गर्भकाळ सरासरी ६३ दिवसांचा असतो. परंतु नराचे शुक्रजंतू मादीच्या शरीरात काही दिवस जिवंत राहत असल्याने समागमाच्या दिवसापासून मोजल्यास तो जवळपास आठवडाभर पुढे-मागे होतो. म्हणून कुत्री नरासोबत अडकलेली दिसली तो पहिला आणि शेवटचा असे दोन्ही दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवावेत आणि पहिल्या दिवसापासूनचा आठवा आठवडा संपण्यापूर्वी सगळी तयारी झालेली असावी. समागम कोणाच्या नजरेस पडला नसेल, तर चौथ्या-पाचव्या आठवड्यात फुगलेले व गुलाबी झालेले सड, सहाव्या आठवड्यापासून भरत जाणारे पोट आणि शेवटच्या दहा-पंधरा दिवसांत कुशीवर हलका हात ठेवल्यावर जाणवणारी पिल्लांची हालचाल यांवरून अंदाज घ्यावा. माजानंतर दोनेक महिन्यांनी गाभण नसतानाही सडांत दूध उतरते आणि कुत्री कोपऱ्यात जागा उकरू लागते, याला आभासी गर्भावस्था म्हणतात. केवळ दुधावरून कुत्री गाभण आहे असे ठरवू नये.

समागम नुकताच झाला आहे आणि वेत नको आहे असे कुटुंबाला वाटत असेल, तर गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत पशुवैद्यक गर्भाशय व अंडाशय काढण्याची नसबंदी शस्त्रक्रिया करू शकतात, आणि जेथे पुन्हा पुन्हा पशुवैद्यकापर्यंत पोहोचणे कठीण आहे तेथे हा मार्ग सर्वांत शहाणपणाचा ठरतो. गर्भ पाडण्यासाठी इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे इंजेक्शन देण्याची जुनी पद्धत मात्र टाळावी, कारण त्यामुळे गर्भाशयात पू होण्याचा आणि अस्थिमज्जेचे काम बिघडून रक्तपेशी कमी होण्याचा धोका असतो. गावठी औषधपाल्याने गर्भ पाडण्याचा प्रयत्न कुत्रीच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून तोही करू नये.

वेत होऊ द्यायचे ठरले की पुढचा निर्णय प्रवासाचा. जलाशयाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात पाणी वर चढते, नाल्यांची मुखे बुडतात आणि बोट लागण्याच्या जागाही बदलतात, म्हणजे उन्हाळ्यात ज्या वाटेने जाता येते तीच वाट भाद्रपदात उपयोगी पडेल असे नाही. अपेक्षित तारीख कोणत्या महिन्यात येते हे पाहून बोट कोणाची, ती रात्री निघेल का, पलीकडे वाहन कोठून मिळेल आणि कोणत्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर कोणत्या वेळी असतात, याची विचारपूस आधीच करावी. पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. तो घरातल्या सर्वांना पाठ असावा आणि डोंगरावर मोबाइलला रेंज नेमकी कोठे मिळते हेही ठाऊक असावे. कुत्री अंगाने लहान आणि नर मोठा असेल, तिचे हे पहिलेच वेत असून वय बरेच झालेले असेल, आधीच्या वेतात पिल्लू अडले असेल किंवा पोट फारसे न भरल्याने एक-दोनच मोठी पिल्ले असण्याची शक्यता असेल, तर अशा कुत्रीला व्यायच्या आठ-दहा दिवस आधी मोलगी, अक्कलकुवा किंवा रस्त्याकाठच्या दुसऱ्या गावातील नातेवाइकांकडे नेऊन ठेवणे अधिक शहाणपणाचे. प्रसूतीच्या कळा सुरू झाल्यावर तिला बोटीत घालण्यापेक्षा हा त्रास फार कमी आहे.

आहाराबाबत पहिले पाच आठवडे विशेष काही बदलावे लागत नाही. त्यानंतर गर्भ झपाट्याने वाढतो आणि पोटात जागा कमी उरते, म्हणून दिवसातून दोनऐवजी चार वेळा थोडेथोडे खाऊ घालून एकूण आहार हळूहळू दीडपट करावा. नुसत्या भाकरीवर गाभण कुत्रीचे भागत नाही. भाकरीत डाळ, उकडलेले अंडे, काटे काढलेले शिजवलेले मासे किंवा शिजवलेले मांस यांपैकी काहीतरी रोज असावे. ताकद यावी म्हणून गर्भकाळात कॅल्शियमच्या गोळ्या किंवा औषध देण्याची सवय चांगल्या हेतूची असली तरी घातक आहे, कारण बाहेरून कॅल्शियम मिळू लागले की हाडांतून ते काढून घेण्याची शरीराची यंत्रणा मंदावते आणि दूध सुरू झाल्यावर अचानक तूट पडते. जंताचे कोणते औषध गाभण कुत्रीला द्यावे हे पशुवैद्यकाकडूनच विचारून घ्यावे. गोलकृमीची अळी आईच्या शरीरातून वारेमार्गे पिल्लांत आणि नंतर दुधातूनही उतरते, म्हणून हा प्रश्न पिल्ले जन्मण्याआधीपासूनच सुरू झालेला असतो.

कुत्रीवर सोपवले तर ती व्यायला जागा निवडते ती नाल्याच्या दरडीतील कपार, झुडपाखालचा खड्डा किंवा गवताच्या गंजीचा पोटभाग. काठावरच्या गावात दरडीतील जागेवर पाणी चढू शकते, आणि सातपुड्यात बिबट्या असल्याने घराबाहेरच्या उघड्या जागी पिल्लांचा व आईचाही जीव जाऊ शकतो. म्हणून व्यायच्या दोन आठवडे आधी घरातील किंवा शेळ्यांच्या कोंडवाड्यालगतची, कुडाच्या भिंतीने बंद होणारी, कोरडी आणि माणसांच्या ये-जा वाटेपासून बाजूची जागा ठरवून कुत्रीला तेथेच खाऊ-पिऊ घालावे, म्हणजे ती तिला आपली मानते. शेळ्यांच्या पायांखाली पिल्ले येणार नाहीत इतकी आडकाठी हवी. कुत्री पूर्ण अंग पसरून झोपू शकेल आणि तरीही दोन्ही बाजूंना थोडी जागा उरेल एवढा चौकोन बांबूच्या तट्ट्याने किंवा फळ्यांनी करावा. त्याची उंची आईला सहज ओलांडता येईल पण पिल्लांना येणार नाही इतकी, म्हणजे वीतभर किंवा थोडी अधिक असावी, आणि भिंतीच्या आतल्या बाजूने चार बोटे उंचीवर बांबूचा एक दांडा आडवा बांधावा, ज्यामुळे आई भिंतीला टेकून बसली तरी मागे सरकलेले पिल्लू चिरडले जात नाही. खाली सुकलेले गवत, त्यावर गोणपाट आणि त्यावर धुतलेली जुनी सुती लुगडी अशी रचना चांगली, मात्र वरचे कापड रोज बदलून धुवावे लागेल, म्हणून चार-पाच तुकडे जमवून ठेवावेत.

भारतातील मोकाट कुत्र्यांची बहुतेक वेते हिवाळ्याच्या महिन्यांत होतात, आणि गावभर हिंडणाऱ्या पाळीव कुत्रीचेही वेत त्याच काळात येण्याची शक्यता अधिक. अक्कलकुवा तालुक्यातील डाबसारख्या उंच भागात थंडीत दवबिंदू गोठतात. मणिबेली त्यापेक्षा खाली असली तरी पाण्याकाठच्या पहाटेचा गारठा नवजात पिल्लाला झेपणारा नसतो. नवजात पिल्लाला स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही, त्याला थरथरताही येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याचे शरीर ३५ ते ३६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि ते याहून खाली गेले की आतड्यांचे काम थांबते, मग पाजलेले दूध पचत नाही. चुलीजवळ पिल्ले ठेवणे हा सुचणारा पहिला उपाय असतो, पण धूर फुप्फुसांना त्रास देतो आणि ठिणगीने गवत पेटते. त्याऐवजी गरम पाण्याच्या बाटल्या कापडात दोनदा गुंडाळून चौकोनाच्या एकाच कडेला ठेवाव्यात, म्हणजे ज्या पिल्लाला ऊब जास्त होईल ते दुसरीकडे सरकू शकेल. एकमेकांवर ढीग करून कण्हणारी पिल्ले थंड पडलेली असतात आणि एकमेकांपासून दूर हातपाय पसरून धापणारी पिल्ले तापलेली असतात. शांतपणे शेजारी शेजारी झोपून मधूनमधून अंग झटकणारी पिल्ले ठीक आहेत असे समजावे.

जवळ ठेवायच्या वस्तू थोड्या आहेत: स्वच्छ सुती फडकी, उकळून वाळवलेला जाड सुती दोरा, नवे ब्लेड किंवा उकळलेली कात्री, पोव्हिडोन आयोडीन, साबण, बॅटरी, तापमापक आणि पिल्ले ठेवायला एक उबदार टोपली. यांत तापमापकाचे महत्त्व बहुतेकांना ठाऊक नसते. कुत्रीच्या शरीराचे तापमान एरवी ३८ ते ३९ अंशांच्या दरम्यान असते; प्रसूतीपूर्वीच्या चोवीस तासांत ते बहुधा ३७.२ अंशांच्या, म्हणजे ९९ अंश फॅरेनहाइटच्या, खाली उतरते. शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातून तापमान घेतल्यास जवळजवळ एका दिवसाची पूर्वसूचना मिळते, आणि बोटीची व्यवस्था करायला हा एक दिवस फार मोलाचा असतो.

प्रसूतीच्या पहिल्या टप्प्यात गर्भाशयाचे मुख उघडते. कुत्री अस्वस्थ होते, खात नाही, धापते, जागा उकरते, आणि हे सहा ते बारा तास, पहिल्या वेतात चोवीस तासांपर्यंतही, चालू शकते. या वेळी घरातील एकाच ओळखीच्या माणसाने जवळ असावे आणि मुलांची गर्दी होऊ देऊ नये. दुसऱ्या टप्प्यात ती दिसेल अशा जोरकस कळा देते आणि पिल्लू एका पातळ पिशवीत गुंडाळलेले बाहेर येते. आई ती पिशवी फाडते, नाळ चावून तोडते आणि पिल्लाला चाटून त्याचा श्वास सुरू करते. पिल्लू डोक्याकडून आले काय आणि मागच्या पायांकडून आले काय, कुत्र्यांत दोन्ही नेहमीचे आहे. मिनिटभरात आईने पिशवी फाडली नाही तर माणसाने ती बोटांनी नाकाकडून फाडावी, तोंडातील व नाकातील चिकट पाणी फडक्याने पुसावे, डोके किंचित खाली धरून पाठ व छाती कोरड्या फडक्याने जोरात चोळावी आणि पिल्लू कण्हेपर्यंत चोळणे थांबवू नये. काही पिल्ले दहा-पंधरा मिनिटांच्या चोळण्यानंतरही श्वास घेतात, म्हणून लवकर निराश होण्याचे कारण नाही. पिल्लाला दोन्ही हातांत धरून गरागरा फिरवण्याची पद्धत मेंदूला इजा करू शकते, ती टाळावी. नाळ तोडावी लागली तर पोटापासून सुमारे दोन बोटांवर दोऱ्याने घट्ट बांधून पुढे कापावी आणि टोक आयोडीनमध्ये बुडवावे. प्रत्येक पिल्लामागे बहुधा एक वार पडते. किती पिल्ले आणि किती वारा हे मोजावे, कारण आत राहिलेल्या वारेमुळे नंतर गर्भाशय कुजू शकते.

दोन पिल्लांमध्ये पंधरा मिनिटांपासून दोन तासांपर्यंतचे अंतर पडू शकते आणि त्या वेळी कुत्री शांत झोपून पिल्लांना पाजत असेल तर काळजीचे कारण नाही. काळजी करायची ती पुढील प्रसंगी, आणि तेव्हा एक मिनिटही न दवडता निघायचे: जोरकस कळा अर्धा तास चालूनही पिल्लू न येणे, आत पिल्ले शिल्लक असल्याचे जाणवत असताना दोन तासांहून अधिक काही न घडणे, पिल्लू अर्धे बाहेर येऊन अडकणे, पहिले पिल्लू येण्यापूर्वीच गडद हिरवा स्राव दिसणे, कारण तो रंग वार सुटल्याची खूण असतो आणि वार सुटलेल्या पिल्लाला प्राणवायू मिळत नाही, खूप ताजे लाल रक्त वाहणे, किंवा कुत्री थकून आडवी होणे. पहिले पिल्लू झाल्यानंतर दिसणारा हिरवा स्राव मात्र नेहमीचा असतो. गाई-म्हशींसाठी वापरले जाणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन अशा वेळी कोणीतरी आणून देण्याची शक्यता असते. पिल्लू अडलेले असताना ते दिल्यास गर्भाशय फाटू शकते, म्हणून पशुवैद्यकाने तपासल्याशिवाय ते देऊ देऊ नये.

जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात आईचा चीक प्रत्येक पिल्लाच्या पोटात गेला पाहिजे, कारण त्यातील रोगप्रतिकारक द्रव्ये आतड्यांतून शोषली जाण्याची मुदत तेवढीच असते. लहानखुऱ्या पिल्लाला मागच्या, जास्त दुधाच्या सडाला लावून धरावे. आई दगावली किंवा दूध उतरले नाही तर शेळीचे किंवा गाईचे नुसते दूध पुरत नाही, कारण कुत्रीच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश कितीतरी जास्त असतात; योग्य पर्यायी दूध मिळेपर्यंतची निकड भागवण्यासाठी कपभर दुधात अंड्यांचे तीन बलक आणि चमचाभर तेल घोटून, कोमट करून, दर दोन-तीन तासांनी पाजावे. पाजताना पिल्लू पोटावर असावे. माणसाच्या बाळासारखे उताणे धरल्यास दूध श्वासनलिकेत जाते. प्रत्येक पाजण्यानंतर कोमट ओल्या बोळ्याने त्याचे पोट व गुदद्वार पुसावे, कारण आईच्या चाटण्याशिवाय नवजात पिल्लाला लघवी-शी होत नाही. थंड पडलेल्या पिल्लाला आधी ऊब आणि मगच दूध, हा क्रम कधीही उलटू नये.

आईला या काळात हवे तितके खाऊ द्यावे आणि पाणी सतत समोर ठेवावे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिची गरज एरवीच्या दुपटी-तिपटीवर जाते. तिचे अंग थरथरू लागले, पाय ताठले, ती धापू लागली किंवा पिल्लांपासून दूर जाऊ लागली, तर रक्तातील कॅल्शियम घटल्यामुळे होणारा हा दुग्धज्वर असू शकतो आणि काही तासांत तो जीव घेतो. पिल्ले तत्काळ बाजूला करून तिला दवाखान्यात न्यावे. दुर्गंधीयुक्त स्राव, ताप आणि गरम, दगडासारखे घट्ट सड हीही डॉक्टरकडे जाण्याचीच कारणे आहेत.

पिल्लांचे डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात आणि चौथ्या आठवड्यापासून ती मऊ केलेले अन्न चाटू लागतात. जंताचे पहिले औषध दोन आठवड्यांच्या वयात आणि पुढे दर पंधरवड्याला द्यावे. हे केवळ पिल्लांसाठी नाही, कारण अंगणात पडलेल्या विष्ठेतील गोलकृमीची अंडी खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जाऊन त्यांच्या डोळ्यांना किंवा यकृताला इजा करू शकतात. सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर आणि पार्व्हो या रोगांची लस आणि तीन महिने पूर्ण होताच रेबीजची लस टोचावी. या लसी दोन ते आठ अंश तापमानात राहाव्या लागतात, म्हणून बाजारातून बाटली आणून घरी टोचण्यापेक्षा पिल्लांनाच टोपलीत घालून दवाखान्यात नेणे अधिक भरवशाचे. डिस्टेंपरकडे जंगलालगतच्या गावाने विशेष लक्ष द्यावे: २०१८ मध्ये गीरच्या जंगलात दोन डझनांच्या घरात सिंह दगावले तेव्हा अनेकांत याच रोगाचा विषाणू आढळला होता, आणि मणिबेलीलगत गुजरातच्या हद्दीत शूलपाणेश्वर अभयारण्य आहे. कुत्रा चावल्यास किंवा अनोळखी पिल्लाने ओरखडा काढल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्रतिबंधक लस सुरू करण्यासाठी आरोग्य केंद्र गाठावे; जखमेवर तिखट, चुना किंवा झाडपाला लावू नये.

सर्वांत कठीण प्रश्न पिल्ले कोठे जाणार हा असतो. भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेच्या कोलकाता येथील संशोधकांनी मोकाट कुत्र्यांच्या ९५ वेतांतील ३६४ पिल्लांचा मागोवा घेतला तेव्हा प्रजननक्षम वयापर्यंत केवळ १९ टक्के पिल्ले जगली आणि मृत्यूंपैकी जवळपास दोन-तृतीयांश मृत्यूंना माणूस प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कारण होता, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. नको असलेली पिल्ले, विशेषतः माद्या, पोत्यात घालून जंगलात किंवा बाजाराच्या गावी सोडून देणे म्हणजे त्यांना या आकड्यात ढकलणे होय. उपाशी मरेल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे. म्हणून आईच्या पोटात पिल्ले असतानाच घरे शोधायला सुरुवात करावी. शेळ्या राखणाऱ्या घरांना चांगल्या कुत्र्याची गरज नेहमी असते. कोणाचा कुत्रा बिबट्याने नेला, कोणाचा म्हातारा झाला, हे पाड्यापाड्यांतून विचारत गेल्यास दोन महिन्यांत चार-पाच घरे मिळणे अवघड नाही, आणि गुजरातेत परवेटा येथे वसलेल्या मणिबेलीच्या कुटुंबांसारखे दूरचे नातेवाईकही यात धरावेत. हिवाळ्यात जन्मलेली पिल्ले होळीच्या सुमारास, भोंगऱ्या बाजाराला माणसे एकत्र येतात तेव्हा, आठ आठवड्यांची झालेली असतात. त्यापूर्वी पिल्लू आईपासून तोडू नये, कारण चावा किती जोरात घ्यावा आणि इतर कुत्र्यांशी कसे वागावे हे ते याच आठवड्यांत भावंडांकडून शिकते. मादी पिल्लू नेणाऱ्याकडून, सहा महिन्यांची होताच तिची नसबंदी करून घेईन, एवढे वचन चार माणसांसमोर घ्यावे.

आईच्या नसबंदीसाठी मोकळा काळ फारच थोडा मिळतो. पिल्ले तुटल्यावर दूध आटायला दोन-तीन आठवडे लागतात आणि पुढचा माज व्याल्यानंतर चार-पाच महिन्यांतही येऊ शकतो. म्हणजे व्याल्यापासून तिसरा आणि चौथा महिना एवढाच काळ हाती राहतो. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव कुत्र्याच्या नसबंदीची आणि लसीकरणाची जबाबदारी मालकावर ठेवली आहे. हिवाळी वेत असेल तर हे दोन महिने उन्हाळ्यात येतात, त्या वेळी पाणी उतरलेले आणि वाटा मोकळ्या असतात. शस्त्रक्रियेची तारीख पिल्लांना पहिली लस टोचायला दवाखान्यात जाल त्याच फेरीत ठरवून घ्यावी आणि टाके सुकेपर्यंतचे दहा दिवस कुत्रीला ज्या घरी ठेवायचे ते घरही तेव्हाच विचारून ठेवावे.